तोकुशिमाचे ८४ येन: एका जपानी प्रांताच्या किमान वेतनवाढीचा अभ्यास

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस जपानच्या शिकोकू बेटावरील तोकुशिमा प्रांतातील किमान वेतन परिषदेने ताशी किमान वेतन ८९६ येनवरून ९८० येनवर नेण्याची शिफारस केली. वाढ ८४ येनची होती. टक्क्यांत सांगायचे तर ९.४. त्या वर्षी केंद्रीय परिषदेने सगळ्या प्रांतांना सुचवलेला आकडा ५० येनचा होता आणि देशाची भारित सरासरी ५१ येनने वाढून १,०५५ येन झाली. सत्तेचाळीसपैकी सत्तावीस प्रांतांनी केंद्राच्या सूचनेपेक्षा अधिक वाढ दिली, परंतु तोकुशिमा वगळता त्यांतील कोणीही नऊ येनच्या पुढे गेले नाही. तोकुशिमाने मात्र सूचनेपेक्षा ३४ येन अधिक दिले.

हे प्रकरण निवडण्याचे कारण आकड्याच्या मोठेपणापुरते नाही. एकाच देशाच्या वेगवेगळ्या भागांत किमान वेतन वेगळे का असते, असे विचारले की राहणीचा खर्च वेगळा असतो म्हणून, हे उत्तर मिळते. तोकुशिमाचा हिशेब नीट मांडून पाहिला तर हे उत्तर अपुरे असल्याचे ध्यानात येते. प्रांताप्रांतांतील तफावतीचा बराच मोठा भाग दरवर्षीची वाढ ठरवण्याच्या रीतीतून तयार होतो, आणि एकदा तयार झाला की कोणी मुद्दाम मोडेपर्यंत तो तसाच पुढे चालत राहतो. तोकुशिमात तो मुद्दाम मोडला गेला. कसा मोडला गेला, त्याचा भार कोणावर पडला आणि त्यानंतर इतर प्रांतांनी काय केले, हे पाहणे हा या अभ्यासाचा हेतू आहे.

आकडा ठरतो कसा

जपानचा किमान वेतन कायदा १९५९ चा आहे. आज प्रत्येक प्रांतासाठी एकच ताशी दर असतो आणि तो उपाहारगृहात भांडी घासणाऱ्या विद्यार्थ्याला, दुकानातल्या अर्धवेळ विक्रेतीला व कारखान्यातल्या कामगाराला सारखाच लागू होतो. काही उद्योगांना त्याहून वरचे वेगळे दर आहेत, पण ते येथे बाजूला ठेवू. महाराष्ट्रातील वाचकाला ही रचना फार वेगळी वाटेल. आपल्याकडे १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली साठाहून अधिक अनुसूचित उद्योग, त्या प्रत्येकात कुशल, अर्धकुशल व अकुशल अशा श्रेण्या, त्यांवर महानगरपालिका क्षेत्रापासून ग्रामीण भागापर्यंतची परिमंडळे आणि दर सहा महिन्यांनी निर्देशांकानुसार बदलणारा विशेष भत्ता अशी घडण रुजली, त्यामुळे कामगाराला आपला नेमका दर पडताळण्यासाठी तक्ता समोर घेऊन बसावे लागते. जपानमध्ये प्रांताचा दर म्हणजे एकच आकडा. तो सर्वांच्या तोंडी असतो आणि शेजारच्या प्रांताच्या आकड्याशी क्षणात ताडून पाहता येतो. या तुलनेला पुढील घटनांत मोठे वजन आले.

दर वर्षी उन्हाळ्यात श्रममंत्री केंद्रीय किमान वेतन परिषदेचे मत मागवतात. परिषदेत कामगारांचे, मालकांचे आणि जनहिताचे प्रतिनिधी समान संख्येने असतात. जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या आरंभी परिषद त्या वर्षीच्या वाढीचा मार्गदर्शक आकडा जाहीर करते. जपानीत त्याला 'मेयासु' म्हणतात. ही पद्धत १९७८ पासून चालू आहे. मेयासु बंधनकारक नसतो. त्यानंतर प्रत्येक प्रांतातील परिषद, तिथेही तेच तीन पक्ष, ऑगस्टभर चर्चा करते आणि आपली शिफारस प्रांतिक श्रम कार्यालयाच्या प्रमुखाकडे पाठवते. हरकतींसाठी मुदत दिल्यानंतर नवा दर लागू होतो, बहुतेक वेळा ऑक्टोबरमध्ये. हे श्रम कार्यालय केंद्र सरकारचे असते. प्रांताचा निवडून आलेला राज्यपाल या प्रक्रियेत कुठेही मतदान करत नाही, त्याच्या सहीची गरज नसते, आणि परिषदेचे सदस्य तो नेमत नाही.

मार्गदर्शक आकडा देताना प्रांतांचे गट पाडलेले असतात. पूर्वी चार गट होते, २०२३ पासून तीन आहेत. तोक्यो, कानागावा, ओसाका, आइची, साइतामा आणि चिबा हे सहा प्रांत 'अ' गटात, अठ्ठावीस 'ब' गटात आणि तेरा 'क' गटात. उत्पन्न व खर्च, प्रचलित वेतन आणि उद्योगांची स्थिती दाखवणाऱ्या एकोणीस निर्देशांकांवरून ही विभागणी होते. कायद्याने सांगितलेले निकष तीन आहेत: कामगाराचा जीवनखर्च, त्या भागातील वेतनाची पातळी आणि उद्योगांची वेतन देण्याची कुवत. २००७ मध्ये कायदा सुधारताना आणखी एक महत्त्वाची गोष्ट जोडली गेली, ती म्हणजे किमान वेतन ठरवताना शासनाच्या निर्वाह साहाय्याशी त्याची सुसंगती पाहावी. राबणाऱ्या माणसाची कमाई साहाय्यावर जगणाऱ्याच्या रकमेहून कमी भरू नये, हा त्यामागचा विचार होता.

तफावत रुंदावण्याचा हिशेब

२००६ मध्ये तोक्योचे किमान वेतन ७१९ येन होते आणि देशातील सर्वांत कमी ६१० येन. अंतर १०९ येनचे. २०१८ मध्ये तोक्योत ९८५ येन झाले आणि तळाच्या कागोशिमात ७६१. अंतर २२४ येनचे. बारा वर्षांत अंतर दुपटीहून वाढले. येनमधले अंतर महागाईबरोबर वाढणारच, असे कोणी म्हणू शकेल, म्हणून प्रमाणही पाहावे: २००६ मध्ये तळाचा दर तोक्योच्या सुमारे ८५ टक्के होता, २०१८ मध्ये तो ७७ टक्क्यांवर उतरला. या काळात तोक्योतले जगणे खेड्यातल्या जगण्याच्या तुलनेत तेवढ्याच पटीने महाग झाले होते, असा दावा कोणीही केलेला नाही.

मग झाले काय? २००७ च्या सुधारणेनंतर ज्या प्रांतांत किमान वेतन निर्वाह साहाय्यापेक्षा कमी भरत होते तिथे ते वेगाने वाढवणे भाग पडले, आणि अशा प्रांतांत महानगरी प्रांतांचा भरणा होता. त्याशिवाय 'अ' गटाला दर वर्षी इतरांपेक्षा काही येन अधिक मिळत राहिले. एखाद्या वर्षी हा फरक दोन-तीन येनचा असतो, कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. परंतु पुढच्या वर्षीची वाढ आधीच्या वर्षीच्या दरावर चढते, त्यामुळे झालेला फरक कधीच विरून जात नाही. सगळ्यांना समान टक्के द्यावेत तर येनमधले अंतर वाढते. समान येन द्यावेत तर अंतर तेवढेच राहते आणि प्रमाण अगदी संथपणे सुधारते. दोन्ही मार्गांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे आधीचा दर योग्य होता. परिषदेच्या टेबलावर दर ऑगस्टमध्ये 'यंदा किती वाढवायचे' हा प्रश्न येतो. 'या प्रांतात दर किती असायला हवा' हा प्रश्न येत नाही. माझ्या मते प्रादेशिक तफावतीच्या चर्चेतला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच आहे.

तोकुशिमा या दुर्लक्षाचे ठळक उदाहरण होते. २०२२ मध्ये तेथे ८५५ येन होते, २०२३ मध्ये त्यात ४१ येन मिळून ८९६ झाले. त्या वर्षी 'अ' गटाचा मेयासु ४१, 'ब'चा ४० आणि 'क'चा ३९ येन होता, म्हणजे 'ब' गटातील तोकुशिमाने सूचनेपेक्षा एक येन अधिकच दिला होता. तरीही देशात त्याच्याखाली एकटा इवाते प्रांत होता, ८९३ येनवर, आणि ओकिनावा त्याच्याच बरोबरीला ८९६ वर. याचा अर्थ असा की एकोणीस निर्देशांकांनी ज्याला मधल्या गटात बसवले, त्या प्रांताचे किमान वेतन खालच्या गटातील तेरापैकी अकरा प्रांतांहून कमी होते. शिकोकूच्या चार प्रांतांतही ते सर्वांत कमी होते: कागावात ९१८, एहिमे आणि कोचीत ८९७.

प्रांताची घडण

तोकुशिमाची लोकसंख्या सुमारे सात लाख आहे आणि ती घटत आहे. समुद्राच्या भोवऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेली नारुतोची सामुद्रधुनी, रताळी आणि वाकामे नावाचे समुद्री शेवाळ, सुदाची हे हिरवे आंबट फळ, ऑगस्टच्या मध्यावर रस्ते भरून टाकणारा आवा ओदोरी नृत्योत्सव ही त्याची ओळख. परंतु हा नुसता शेती-मासेमारीचा प्रांत नाही. निळ्या एलईडीच्या शोधामुळे जगभर नाव झालेली निचिया कंपनी येथल्या आनान शहरात आहे आणि ओत्सुका या औषधनिर्मिती समूहाचे मूळही याच प्रांतात आहे. त्यामुळे निर्देशांकांत प्रांत मध्यावर येतो, यात नवल नाही. प्रश्न असा की वर सशक्त उद्योग आणि खाली देशातले जवळजवळ सर्वांत स्वस्त श्रम, ही अवस्था किती काळ 'स्थानिक परिस्थिती' म्हणून खपवून घ्यायची?

दुसरी गोष्ट भूगोलाची. १९८५ मध्ये नारुतोचा महापूल झाला आणि तोकुशिमा आवाजी बेटाला जोडले गेले. १९९८ मध्ये आकाशी सामुद्रधुनीवरील पूल झाला आणि आवाजीमार्गे कोबे व ओसाकापर्यंत थेट रस्ता खुला झाला. पुलाने माल बाहेर जाऊ लागला, तसे गिऱ्हाईकही बाहेर जाऊ लागले. २०२० च्या ऑगस्टमध्ये तोकुशिमा शहरातले सोगो हे मोठे बहुविभागी दुकान बंद झाले आणि अशा प्रकारचे एकही दुकान नसलेल्या प्रांतांत तोकुशिमाची गणना होऊ लागली. आवाजी बेट ह्योगो प्रांतात मोडते. २०२३ च्या दरांनुसार पुलाच्या त्या टोकाला ताशी १,००१ येन आणि या टोकाला ८९६ येन होते. पुलाचा टोल आणि पेट्रोल धरूनही हा १०५ येनचा फरक तरुण माणसाला काय सांगतो, हे समजायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. तो रोज पूल ओलांडणार नाही, पण शिक्षण संपल्यावर परत न येण्याचा निर्णय मात्र घेईल.

राहणीच्या खर्चाचा युक्तिवादही येथे तपासून घ्यावा. घरभाडे तोक्योच्या मानाने फारच कमी आहे, हे खरे. परंतु रेल्वे आणि बस विरळ असल्यामुळे कामावर जाण्यासाठी स्वतःची मोटार लागते. तिची किंमत, विमा, तपासणी, इंधन हा खर्च महानगरातल्या एकट्या तरुणाला करावा लागत नाही. झेनरोरेन या कामगार महासंघाने वेगवेगळ्या प्रांतांत केलेल्या निर्वाहखर्चाच्या पाहण्यांचा आधार घेऊन संघटना अनेक वर्षे सांगत आल्या आहेत की, एकट्या तरुण माणसाचा किमान खर्च देशभर फारसा वेगळा येत नाही, कारण भाड्यात वाचलेले पैसे मोटारीत जातात. हा युक्तिवाद मला पटतो. त्यावरून सगळीकडे एकच दर असावा, असा निष्कर्ष लगेच काढता येणार नाही, कारण उद्योगांच्या कुवतीचा निकष उरतोच. पण जीवनखर्चाच्या नावाखाली वीस टक्क्यांची तफावत समर्थनीय ठरत नाही, एवढे म्हणता येते.

२०२४ चा उन्हाळा

२०२३ च्या निवडणुकीत निवडून आलेले राज्यपाल मासाझुमी गोतोदा यांनी किमान वेतनाचा प्रश्न उघडपणे हाती घेतला. प्रांताची आर्थिक स्थिती देशात मध्यावर असताना वेतन तळाशी का, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्यांनी तो जाहीरपणे तसेच श्रम कार्यालयापुढेही मांडला. वर सांगितल्याप्रमाणे त्यांना या प्रक्रियेत कायदेशीर अधिकार नव्हता. निवडून आलेल्या पुढाऱ्याने तीन पक्षांच्या स्वायत्त चर्चेत असा दबाव आणावा का, हा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि तो हलका नाही. किमान वेतनाचा आकडा निवडणुकीच्या आश्वासनांच्या हाती गेला तर एखाद्या वर्षी तो विनाकारण उंचावेल आणि एखाद्या वर्षी मालकांच्या दबावाखाली गोठून राहील. तरीही येथे राज्यपालांनी जे केले त्याचा गाभा आकडा लादण्याचा नव्हता. परिषदेला वाढीऐवजी पातळीचा प्रश्न विचारायला लावणे हा तो गाभा होता. प्रश्न बदलल्यावर उत्तरही बदलले.

मेयासु ५० येनचा आला होता. तोच स्वीकारला असता तर तोकुशिमा ९४६ वर गेले असते आणि, इतर सर्वांनी त्या वर्षी जे दर ठरवले ते पाहता, देशात एकटे तळाला राहिले असते. प्रांतिक परिषदेने निर्देशांकांत प्रांत जिथे आहे त्या जागेला साजेशी पातळी शोधली आणि ९८० वर शिफारस ठरली. मालकांच्या प्रतिनिधींचा विरोध होता. निर्णय बहुमताने झाला. १ नोव्हेंबर २०२४ पासून नवा दर लागू झाला. क्रमवारीत प्रांत तळाजवळच्या जागेवरून सत्ताविसाव्या स्थानी आला आणि शिकोकूत सर्वांत खालून सर्वांत वर गेला. कागावात त्या वर्षी ९७०, एहिमेत ९५६, कोचीत ९५२ येन झाले. ह्योगोशी असलेले अंतर १०५ येनवरून ७२ वर आले.

भार कोणावर पडला

मालकांचा विरोध केवळ कंजूषपणाचा नव्हता, हे न्यायाने सांगायला हवे. एक साधा हिशेब मांडू. एखाद्या लहान आस्थापनेत ८९६ येनवर दहा अर्धवेळ कामगार आहेत आणि प्रत्येक जण वर्षाला १,३०० तास काम करतो असे धरले, तर ८४ येनच्या वाढीचा वार्षिक भार सुमारे १० लाख ९२ हजार येन होतो. यात विम्याचा हिस्सा धरलेला नाही. शिवाय आधीपासून ९५० किंवा ९८० येन मिळवणाऱ्या अनुभवी कामगाराला आता नवख्याइतकाच दर मिळणार, म्हणून त्याचाही दर वर सरकवावा लागतो. ऑगस्टअखेरीस आकडा कळतो आणि १ नोव्हेंबरला तो द्यायचा असतो; मधल्या दोन महिन्यांत वर्षभराचे करार, दरपत्रके आणि अंदाजपत्रक बदलणे लहान धंद्याला जमत नाही.

जो आपला भाव स्वतः ठरवू शकतो तो हा भार गिऱ्हाइकावर टाकतो. परंतु ओसाकातल्या मोठ्या खरेदीदारासाठी शिलाई किंवा खाद्यप्रक्रिया करणाऱ्या कारखान्याला भाव तिकडून सांगितला जातो. वृद्धसेवा केंद्रांची अडचण आणखी वेगळी आहे, कारण त्यांना मिळणारे सेवाशुल्क केंद्र सरकार ठरवते आणि ते तीन वर्षांतून एकदा बदलते. २०२४ च्या वसंतात ते नुकतेच बदलले होते. त्या वेळी शरद ऋतूत ८४ येनची वाढ येईल, हे कोणाच्याही हिशेबात नव्हते. ज्या प्रांतात म्हाताऱ्यांची संख्या वाढते आहे आणि सेवा देणारे हात कमी होत आहेत, तिथे ही कोंडी सगळ्यात जाचक ठरते. किमान वेतन वाढवणारे सरकार आणि सेवाशुल्क गोठवणारे सरकार एकच आहे, ही विसंगती मला या प्रकरणातली सर्वांत गंभीर त्रुटी वाटते.

प्रांत सरकारने वेतन वाढवणाऱ्या लहान व मध्यम उद्योगांसाठी कामगारामागे एकरकमी साहाय्य जाहीर केले. केंद्राची जुनी योजना यंत्रसामग्री घेण्यासाठी अनुदान देते, म्हणजे आधी अर्ज करून मंजुरी घ्या, मग खर्च करा आणि त्यानंतर अनुदान मिळवा अशा स्वरूपाची आहे; प्रांताचे साहाय्य थेट वेतनाशी जोडलेले असल्यामुळे अधिक उपयोगी होते. परंतु एकरकमी साहाय्य एकदाच मिळते आणि ८४ येन मात्र दर तासाला, दर वर्षी द्यावे लागतात.

कामगाराच्या बाजूनेही एक गाठ होती. जपानमध्ये कुटुंबप्रमुखावर अवलंबून असलेली अर्धवेळ कामगार, बहुतेक वेळा गृहिणी, वार्षिक उत्पन्न ठराविक मर्यादेच्या आत राहील अशा बेताने तास मोजून काम करते. लोक त्या मर्यादांना 'भिंती' म्हणतात. १०.३ लाख येनची करमर्यादा धरली, तर ८९६ येन दराने वर्षाला सुमारे १,१५० तास काम करता येत होते. ९८० येन दराने ते १,०५१ झाले. दर वाढला, कमाई तेवढीच राहिली आणि दुकानदाराच्या हातचे वर्षाकाठी सुमारे शंभर तास गेले. वर्षअखेरीस, जेव्हा गर्दी सर्वांत जास्त असते, तेव्हाच या बायका सुट्टीवर जातात. ही करमर्यादा २०२५ च्या करसुधारणेत वाढवण्यात आली. सामाजिक विमा लागू होण्यासाठीची मासिक ८८,००० येन वेतनाची अट मात्र दरवाढीनेच निकालात निघाली, कारण ताशी १,०१६ येन झाल्यावर आठवड्याला वीस तास काम करणारा प्रत्येक जण ती ओलांडतो. ही अट काढून टाकण्याची तरतूद २०२५ च्या निवृत्तिवेतन सुधारणेत करण्यात आली. तोकुशिमासारखा प्रांत पुढे गेला आणि देशाचे कायदे मागाहून आले, असा हा क्रम आहे.

शेजाऱ्यांची शर्यत

२०२४ च्या यादीच्या तळाकडे पाहिले तर एक विलक्षण चित्र दिसते. अकिता ९५१ येनवर एकटे तळाला, आणि त्याच्या वर इवाते, कोची, कुमामोतो, मियाझाकी व ओकिनावा हे पाच प्रांत बरोबर ९५२ वर. अकिताचा निर्णय आधी झाला होता. तो दर १ ऑक्टोबरपासून लागू होणार होता. त्यानंतर बसलेल्या परिषदांना तळ कुठे आहे हे माहीत होते आणि त्यांनी त्याच्यावर एक येन टाकून समाधान मानले. उत्तरेच्या हिमाच्छादित इवातेत आणि दक्षिणेच्या समुद्राने वेढलेल्या ओकिनावात राहणीचा खर्च, प्रचलित वेतन आणि उद्योगांची कुवत हे तिन्ही निकष येनच्या शेवटच्या अंकापर्यंत सारखे असतील, हे कोण मानेल? येथे आकडा ठरवला तो शेवटचा क्रमांक टाळण्याच्या इच्छेने.

२०२५ मध्ये या शर्यतीला वेग आला. केंद्रीय परिषदेने 'अ' आणि 'ब' गटांना ६३ येन आणि 'क' गटाला ६४ येन सुचवले. खालच्या गटाचा मेयासु वरच्याहून अधिक असण्याची ही पहिलीच वेळ होती. सत्तेचाळीसपैकी एकोणचाळीस प्रांतांनी त्याहूनही अधिक दिले. सर्वाधिक वाढ कुमामोतोत ८२ येनची झाली, त्यानंतर ओइतात ८१ आणि आदल्या वर्षी तळाला अडकलेल्या अकितात ८० येनची. देशाची सरासरी ६६ येनने, म्हणजे ६.३ टक्क्यांनी वाढून १,१२१ येन झाली आणि प्रथमच सर्व प्रांत १,००० च्या पुढे गेले. तोक्योत १,२२६ आणि तळाच्या कोची, मियाझाकी व ओकिनावात १,०२३. अंतर २०३ येनचे, प्रमाण ८३.४ टक्के. २०१८ चे ७७ टक्के आठवले तर सुधारणा मोठी आहे, पण २००६ चे ८५ टक्के अजूनही गाठले गेलेले नाहीत. ज्याला आज प्रगती म्हणतात ती बऱ्याच अंशी हरवलेल्या जागी परत येण्याची वाट आहे.

या बदलाचे श्रेय एकट्या तोकुशिमाला देता येणार नाही. मनुष्यबळाची टंचाई, महागाई आणि २०२० चे दशक संपेपर्यंत सरासरी १,५०० येन गाठण्याचे तेव्हाचे पंतप्रधान इशिबा यांनी जाहीर केलेले लक्ष्य ही कारणे त्याहून मोठी होती. परंतु मेयासु म्हणजे लक्ष्मणरेषा नव्हे, ती ओलांडल्याने आभाळ कोसळत नाही, हे एका लहान प्रांताने दाखवून दिल्यावर इतर परिषदांतल्या कामगार प्रतिनिधींच्या हाती एक जिवंत दाखला आला, एवढे निश्चित म्हणता येईल.

लागू होण्याची तारीख

आकड्यांची ही उजळ बाजू पाहताना एक गोष्ट नजरेआड होते. २०२५ मध्ये अनेक प्रांतांनी मोठी वाढ मान्य केली, पण ती लागू करण्याची तारीख पुढे ढकलली. सहा प्रांतांत नवा दर २०२६ उजाडल्यावरच सुरू होणार असे ठरले: फुकुशिमा, तोकुशिमा, कुमामोतो आणि ओइतात १ जानेवारीला, गुन्मात १ मार्चला आणि अकितात थेट ३१ मार्चला. उद्योगांना तयारीसाठी वेळ हवा, हे कारण दिले गेले, आणि २०२४ मधील तोकुशिमाच्या दोन महिन्यांच्या घाईनंतर ते कारण खोटे म्हणता येत नाही. अर्धवेळ कामगारांनी वर्षअखेरीस तास कापू नयेत, हाही विचार त्यात होता.

तरीही या तारखा हिशेबात धरल्या की चित्र पालटते. अकिताचा आधीचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून होता. त्यावर ८० येनची, म्हणजे ८.४ टक्क्यांची वाढ अठरा महिन्यांनी मिळाली. बारा महिन्यांच्या मापाने ती ५.६ टक्के भरते. तोक्योची ६३ येनची वाढ ५.४ टक्क्यांची होती, पण ती ३ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे एका वर्षातच हाती पडली. वर्तमानपत्रांतल्या मथळ्यात अकिता तोक्योच्या कितीतरी पुढे धावताना दिसते. कामगाराच्या पाकिटात दोघांची चाल जवळजवळ सारखीच आहे आणि हिवाळ्याचे सहा महिने अकितातल्या दुकानात उभी असलेली बाई ९५१ येनवरच राबत होती, तेव्हा तोक्योतली तिच्या जागी असलेली बाई १,२२६ घेत होती. त्या महिन्यांत दोघींतील अंतर २७५ येनचे होते, म्हणजे २०१८ मधल्या २२४ येनहूनही अधिक.

तोकुशिमाची गोष्टही याला अपवाद नाही. २०२५ मध्ये त्याने ६६ येन वाढवून १,०४६ चा दर ठरवला, शिकोकूतला पहिला क्रमांक राखला आणि लागू होण्याची तारीख १ जानेवारी २०२६ ठेवली. आधीच्या वाढीपासून चौदा महिने. ६.७ टक्के वर्षाच्या मापात ५.८ होतात. ह्योगोत त्या वेळी १,११६ येन होते; पुलाच्या दोन टोकांतील अंतर कागदावर ७२ वरून ७० येनवर आले, आणि ह्योगोचा नवा दर सुरू होऊनही तोकुशिमात ९८० च चालू असलेल्या आठवड्यांत ते १३६ येन होते, ज्या १०५ येनपासून हे सगळे सुरू झाले होते त्याहून अधिक.